साथीच्या आधी दीड मिलिलिटर

१० ऑक्टोबर २०१७ या दिवशी बांगलादेशच्या दक्षिण टोकाला, कॉक्स बझार जिल्ह्यातल्या उखिया आणि टेकनाफ या भागांत एक लसीकरण मोहीम सुरू झाली. जेमतेम दीड महिन्यापूर्वी, २५ ऑगस्टला, म्यानमारच्या राखाइन प्रांतात हिंसाचाराचा आगडोंब उसळला होता. तेव्हापासून पाच लाखांहून अधिक रोहिंग्या सीमा ओलांडून आले होते. डोंगरउतारावरची झाडी तोडून, बांबू आणि ताडपत्रीच्या झोपड्या उभ्या राहत होत्या. हातपंप उथळ होते आणि कितीतरी ठिकाणी शौचाचे खड्डे त्यांना खेटूनच खोदलेले होते. पावसात उतारावरून काय वाहत येत असेल, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नव्हती.

पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ मात्र अजून आलेली नव्हती. तरीही बांगलादेश सरकारने जागतिक साठ्याकडे लस मागितली आणि नऊ लाख डोस मंजूर झाले. पहिल्याच फेरीत सात लाखांवर लोकांच्या तोंडात लस पडली. नोव्हेंबरमध्ये एक ते पाच वर्षांच्या मुलांना दुसरा डोस मिळाला.

पुढे काय झाले? बातमी होण्यासारखे काहीच नाही. लाखो माणसे दाटीवाटीने राहत असलेल्या त्या छावण्यांत पटकीचा मोठा उद्रेक झाला नाही. तो लशीमुळेच टळला, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण त्याच काळात विहिरी, संडास, क्लोरिन यांचीही कामे चालू होती. न घडलेल्या गोष्टीचा पंचनामा होत नाही. प्रतिबंधक लसीकरणाची सगळी अडचण इथेच आहे. ते यशस्वी झाले की दाखवायला हातात काही उरत नाही, आणि पुढच्या वर्षी पैसे मागायला गेले की देणारा विचारतो, ‘तिथे साथ आहे कुठे?’

पटकीच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महागात पडतो, कारण हा आजार वेळ देत नाही. व्हिब्रिओ कॉलरी हा जंतू दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात गेला की लहान आतड्याच्या अस्तराला चिकटतो आणि एक विष सोडतो. जंतू नव्हे, तर हे विष खरा घात करते, हे कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशांवरच्या प्रयोगातून दाखवले. जंतू पूर्णपणे गाळून काढलेला द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात सोडला, तरी तो तुकडा पाण्याने टम्म फुगला. माणसाच्या आतड्यातही हेच घडते. तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके जुलाब सुरू होतात. तीव्र आजारात धडधाकट माणसाच्या अंगातले तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. डोळे खोल जातात, हातापायांत गोळे येतात, नाडी लागेनाशी होते. सकाळी शेतावर गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत दगावतो, हे आजी-आजोबांचे वर्णन अतिशयोक्त नव्हते.

उपचार मात्र विलक्षण सोपा आहे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबिस यांनी साखर, मीठ आणि सोड्याचे पाणी पिंपांत कालवून रुग्णांना पाजायला लावले आणि मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपासवरून चार टक्क्यांच्या खाली आले. आज जलसंजीवनी आणि गरजेप्रमाणे सलाइन वेळेवर मिळाले, तर शंभरातला एकही सहसा जात नाही. मग लस कशाला? कारण ‘वेळेवर’ हा शब्द भलताच अवजड आहे. पटकी जिथे पडते, तिथून दवाखाना बहुधा लांब असतो, रस्ता वाहून गेलेला असतो, नाहीतर नाव संध्याकाळनंतर सुटत नाही.

साथ सुरू झाल्यावर लस द्यायची म्हटली, तर हिशेब जुळत नाही. जंतू पोटात गेल्यापासून काही तास ते पाच दिवसांत माणूस आजारी पडतो. लशीने अंगात पुरेसे बळ यायला आठवडा-दहा दिवस लागतात. त्याआधी नमुना प्रयोगशाळेत जायचा, अहवाल यायचा, सरकारने साथ जाहीर करायची, साठ्याकडे अर्ज करायचा, विमान यायचे, बर्फाच्या पेट्या भरायच्या. तोवर साथीचा शिखरबिंदू उलटून गेलेला असतो. तहान लागल्यावर विहीर खणायची म्हणतात, ती हीच.

हे ज्ञान नवे नाही. ओडेसात जन्मलेला आणि पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करणारा वाल्डेमार हाफकिन याने १८९२ मध्ये पटकीची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्याच वर्षी तो भारतात आला. मार्च १८९४ मध्ये कलकत्त्याच्या काटाल बागान वस्तीत एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू सापडले. त्या वस्तीत साधारण दोनशे माणसे राहत होती. त्यांतल्या ११६ जणांनी लस टोचून घेतली. त्यानंतर तिथे पटकीचे दहा रुग्ण झाले आणि सात जण मेले. दहाच्या दहा जण लस न घेतलेले होते. आकडे लहान आहेत, आजच्या कसोटीला ते पुरणार नाहीत. पण तेच पाणी पिणारी, एकाच वस्तीत राहणारी ही माणसे होती, म्हणून पुरावा बोलका ठरला. धोक्याची वस्ती आधी हेरा आणि तिथेच लस द्या, ही कल्पना तेव्हापासूनची आहे. मराठी वाचकाला हाफकिन ओळखीचा आहे तो प्लेगच्या लशीमुळे आणि परळच्या संस्थेमुळे. त्याची पटकीची लस त्या प्रसिद्धीत झाकली गेली.

झाकली जाण्याला आणखीही कारण होते. टोचायच्या लशीचा उपयोग मर्यादित निघाला. दंड सुजे, ताप येई आणि संरक्षण मिळे ते जेमतेम निम्म्या लोकांना, तेही काही महिन्यांपुरते. तरीही सरकारांना ती आवडे, कारण तिचा दाखला देता येई. पंढरपूरच्या वाटेवर वारकऱ्यांना कॉलऱ्याची सुई टोचली जाई. जुन्या पिढीतल्या कित्येकांच्या आठवणीत वारीबरोबर ती सुईही आहे. बंदरांवर, विमानतळांवर दाखले तपासले जात. त्याने साथी देशाच्या सीमेवर थांबल्या नाहीत. अखेर १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांतून पटकीच्या लशीची अट काढून टाकण्यात आली. त्यानंतर सार्वजनिक आरोग्याच्या वर्गांत एक वाक्य पक्के झाले. लशीवर पैसे घालवू नका, नळ आणि संडास द्या. वाक्य बरोबरच होते. फक्त पुढच्या चाळीस वर्षांत नळही आले नाहीत आणि लसही आली नाही, अशा वस्त्या जगात शेकड्यांनी राहिल्या.

दरम्यान संशोधकांच्या एका गटाने प्रश्न उलटा करून पाहिला. पटकीचा जंतू रक्तात शिरतच नाही, तो आतड्याच्या पृष्ठभागावरच धिंगाणा घालतो. मग दंडात सुई टोचून रक्तात प्रतिपिंडे वाढवून काय उपयोग? संरक्षण आतड्यातच तयार व्हायला हवे, म्हणजे लस प्यायला हवी. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या यान होल्मग्रेन यांनी मारलेले जंतू आणि विषाचा निरुपद्रवी भाग एकत्र करून अशी लस केली. १९८५ मध्ये बांगलादेशातल्या मतलब या नदीकाठच्या भागात साठ हजारांहून अधिक स्त्रिया आणि मुलांवर तिची चाचणी झाली. संरक्षण ठीकठाक मिळाले.

खरी चमत्कारिक गोष्ट उघड झाली ती वीस वर्षांनंतर, २००५ मध्ये, जेव्हा त्याच आकड्यांची नव्याने छाननी झाली. चाचणीत काहींना लशीऐवजी दिसायला तशीच, पण निष्प्रभ मात्रा दिली होती. अशा लोकांत पटकीचे प्रमाण सगळीकडे सारखे असायला हवे होते. ते नव्हते. ज्या पाड्यांत फार थोड्यांनी लस घेतली होती, तिथे या ‘बिनलशी’ लोकांत हजारी सात जण आजारी पडले. ज्या पाड्यांत निम्म्याहून अधिकांनी लस घेतली होती, तिथे हजारी दीड. शेजाऱ्यांनी लस प्यायली म्हणून न पिणारेही वाचत होते, कारण पाण्यात जाणारे जंतूच घटले होते. एका माणसाला पासष्ट टक्के संरक्षण देणारी लस वस्तीला त्याहून जास्त देऊ शकते. ‘सामूहिक’ या शब्दाला इथे खरा अर्थ आहे. घराघरातून निवडक माणसांना लस देण्यापेक्षा एक वस्ती पुरती आटोपणे फायद्याचे.

होल्मग्रेन यांची लस महाग होती आणि ती पिण्याआधी आम्ल मारणारे द्रावण ग्लासभर पाण्यात कालवावे लागे. जिथे स्वच्छ पाणी नाही तिथे ग्लासभर स्वच्छ पाण्याची अट! मार्ग व्हिएतनामने काढला. तिथल्या शास्त्रज्ञांनी विषाचा भाग वगळून, नुसत्या मारलेल्या जंतूंची स्वस्त लस बनवली आणि आपल्या लोकांना पाजायला सुरुवात केली. सोलच्या इंटरनॅशनल व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटने तिच्यात सुधारणा केल्या आणि तंत्र हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सकडे आले. ‘शॅनकॉल’ या नावाची ती लस २००६ मध्ये कलकत्त्याच्या झोपडपट्ट्यांत सुमारे ६७ हजार लोकांवर तपासली गेली. पाच वर्षांनंतरही तिचे संरक्षण ६५ टक्के भरले. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली. संयुक्त राष्ट्रांच्या खरेदीसाठी एका डोसची किंमत होती १.८५ डॉलर.

चाचणीत लस चालणे वेगळे आणि सरकारी यंत्रणेकडून ती वाटून होणे वेगळे. ते पाहायचे तर ओडिशात जायला हवे. पुरी जिल्ह्यातला सत्यबादी तालुका साक्षीगोपाळाच्या देवळासाठी ओळखला जातो. मे २०११ मध्ये तिथे आरोग्य खात्याने ५१ हजारांवर लोकांना शॅनकॉल द्यायचे ठरवले. शीतपेटीतून काचेची कुपी काढायची, ती हलवायची, कारण मारलेले जंतू तळाशी बसलेले असतात. मग वरचे धातूचे टोपण सोलायचे, रबरी बूच काढायचे आणि दीड मिलिलिटर गढूळ द्रव थेट तोंडात ओतायचा. चव कोणालाच आवडत नाही. मुले थुंकतात. एक कुपी म्हणजे एक माणूस, म्हणून पन्नास हजार माणसांना पन्नास हजार कुप्या, त्यांची टोपणे, त्यांची बुचे आणि मे महिन्याच्या उन्हात त्यांना पुरेल एवढा बर्फ.

पहिला डोस ३१,५५२ जणांनी घेतला. दोन आठवड्यांनी दुसरा घ्यायला आले २३,७५१, म्हणजे ठरवलेल्यांपैकी निम्म्याहून कमी. कागदावर हे अपयश वाटेल. पण मतलबचा धडा आठवला, तर निम्म्याच्या जवळ जाणेही वाया गेलेले नसते. आणि मुख्य म्हणजे बाहेरून कोणी तज्ज्ञांची फौज न आणता, नेहमीच्याच सरकारी यंत्रणेच्या हातून हे होऊ शकते, एवढे सिद्ध झाले.

हैतीत मात्र वेगळाच वाद पेटला. ऑक्टोबर २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरून आर्तिबोनीत नदीच्या खोऱ्यात पटकी शिरली आणि पुढच्या काही वर्षांत तिने सुमारे दहा हजार बळी घेतले. लस द्यावी असे काही डॉक्टर म्हणत होते. जगात डोसच पुरेसे नाहीत, लोकांत भांडणे होतील, पाणी-संडासावरचे लक्ष उडेल, असे बाकीचे म्हणत होते. दीड वर्ष गेले. २०१२ मध्ये राजधानीतली एक झोपडपट्टी आणि भातशेतीचा एक ग्रामीण भाग निवडून साधारण एक लाख लोकांना लस दिली गेली. दुसऱ्या डोसाला बहुतेक सगळे परत आले. लस आणि पाणी यांत निवड करायची, ही मांडणीच चुकीची होती. नळयोजनेला दहा-वीस वर्षे लागतात, लशीचा परिणाम तीन ते पाच वर्षे टिकतो. लस ही मधली वर्षे विकत घेते, एवढेच. ती विकत घेऊन जो नळ घालत नाही, त्याला पाच वर्षांनी पुन्हा तेवढेच पैसे मोजावे लागतात.

दुसरा डोस ही या मोहिमांची कायमची डोकेदुखी. आफ्रिकेतल्या मलावीमध्ये चिल्वा सरोवरातले कोळी मासेमारीच्या हंगामात पाण्यावर तरंगणाऱ्या झोपड्यांत राहतात. तेच पाणी प्यायचे आणि त्याच पाण्यात बाकीचे सगळे. २०१६ मध्ये तिथे पटकी पसरली तेव्हा पहिला डोस समोर बसवून पाजला. दोन आठवड्यांनी हे लोक सरोवरात कुठे असतील याचा नेम नव्हता, म्हणून दुसरी कुपी झिपच्या पिशवीत घालून हातात दिली आणि ती कधी प्यायची ते समजावले. शीतसाखळीचे नियम घोकलेल्या अधिकाऱ्यांना घाम फुटावा अशीच ही गोष्ट. बहुतेकांनी दुसरा डोस घेतला. पुढे, २०१८ मध्ये, शॅनकॉल चाळीस अंशांपर्यंतच्या तापमानात चौदा दिवस बाहेर राहू शकते, याला अधिकृत मान्यताही मिळाली.

येमेनची कथा याच्या नेमकी उलट. २०१७ च्या जूनमध्ये दहा लाख डोस मंजूर झाले. साथ तोवर देशभर पसरली होती, युद्ध चालू होते. जुलैमध्ये बेत रद्द झाला आणि लस दुसरीकडे वळवली गेली. वर्ष संपेपर्यंत संशयित रुग्णांची संख्या दहा लाखांवर गेली. पहिली मोहीम सुरू झाली ती मे २०१८ मध्ये, एडनमध्ये. उशिराची किंमत यापेक्षा स्पष्ट दिसणे कठीण.

डोस मागायचे कोणाकडे? २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, रेड क्रॉस आणि मेदसाँ साँ फ्रोंतिए यांच्या देखरेखीखाली वीस लाख डोसांचा आंतरराष्ट्रीय साठा सुरू झाला. लशीला हमखास गिऱ्हाईक मिळाले, तशी दक्षिण कोरियाच्या युबायोलॉजिक्स कंपनीनेही उडी घेतली. तिने काचेच्या कुपीऐवजी पिळता येणारी प्लास्टिकची नळी आणली. वजन घटले, जागा वाचली, टोपणे सोलण्याची कटकट गेली. जिथे साथ नाही, पण दर वर्षी येते, अशा वस्त्यांमध्ये हंगामाआधी लस देण्याच्या योजना देशोदेशी आखल्या जाऊ लागल्या. २०१७ मध्ये तर पटकीचे मृत्यू २०३० पर्यंत नव्वद टक्क्यांनी घटवण्याचा जागतिक आराखडाच जाहीर झाला.

आणि मग २०२२ उजाडले. पाकिस्तानात महापूर, मलावीत अनेक दशकांतली सर्वात वाईट साथ, हैतीत तीन वर्षांच्या शांततेनंतर पुन्हा पटकी, लेबनॉन आणि सीरियात उद्रेक. साठा रिता होऊ लागला. ऑक्टोबरमध्ये निर्णय झाला की आता दोन नव्हे, एकच डोस द्यायचा. त्याच सुमारास हैदराबादच्या शॅनकॉलचे उत्पादन बंद करण्याचे शांताची मालक असलेल्या फ्रेंच कंपनीने ठरवल्याचे जगजाहीर झाले. साठ्याची सगळी भिस्त एका कोरियन कारखान्यावर आली. २०२३ मध्ये ३ कोटी ६० लाख डोस तयार झाले. चौदा देशांची गरज होती ७ कोटी २० लाखांची, आणि तीही एकेक डोसच द्यायचा धरून, फक्त साथ विझवण्यासाठी.

यात बळी गेला तो प्रतिबंधक मोहिमांचा. प्रत्येक कुपी जळत्या घराकडे धावत असताना, ज्या वस्तीत अजून कोणी आजारी नाही तिचा अर्ज आपोआप तळाशी जातो. तसे करणाऱ्याला दोषही देता येत नाही, कारण समोर माणसे मरत असतात. पण पुढच्या पावसाळ्यात पेटते ती नेमकी तळाशी गेलेली वस्ती. उत्पादन वाढल्याशिवाय हे चक्र तुटत नाही. एप्रिल २०२४ मध्ये कोरियन लशीच्या सोप्या, झटपट बनणाऱ्या आवृत्तीला मान्यता मिळाली आणि ऑगस्टमध्ये हैदराबादच्या भारत बायोटेकने ‘हिलकॉल’ ही तोंडावाटेची लस बाजारात आणली. वर्षाला वीस कोटी डोसांची क्षमता हैदराबाद आणि भुवनेश्वरला उभी करण्याचे कंपनीने जाहीर केले आहे.

म्हणजे लशीची जुनी परीक्षा कलकत्त्यात झाली, नवी परीक्षा कलकत्त्यातच झाली, कारखाना हैदराबादला आणि भारतातल्या सरकारी वाटपाचा पहिला अनुभव पुरी जिल्ह्यात. आणि भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात पटकीची लस नाही. सरसकट सगळ्यांना ती द्यावी, असे कोणी शहाणा म्हणणारही नाही. पण २०१० ते २०१५ या काळाच्या नोंदी तपासून संशोधकांनी देशातले ७८ जिल्हे पटकीचे ठाणे म्हणून दाखवून दिले होते. तिथल्याही सगळ्यांना नको. पुराचा पट्टा, नदीकाठची झोपडपट्टी, पावसाळ्यात तुटणारे पाडे एवढे निवडले तरी पुष्कळ झाले.

जुलै २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदरा तालुक्यात, पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत, लोक उघड्या विहिरीचे पाणी प्यायले आणि पटकी पसरली. थकलेल्या बिलापायी नळयोजनेची वीज तुटली होती, असे वृत्तांत तेव्हा छापून आले. माणसे दगावली. या गावांना लशीपेक्षा आधी वीज जोडून हवी होती, हे खरे. मेळघाटातला पावसाळा मात्र बिलाची फाइल मंजूर होण्याची वाट पाहत नाही.

धोक्याची वस्ती निवडायची तर आधी तिथे पटकी आहे हे कागदावर यावे लागते. आपल्याकडे बहुतेक साथी ‘गॅस्ट्रो’ म्हणून नोंदल्या जातात आणि पाऊस ओसरला की विसरल्या जातात. पटकी म्हटले की बोभाटा होतो, बदल्या होतात, प्रश्न विचारले जातात. कितीतरी देशांची सरकारेही असेच करतात. ज्या गावाची नोंद नाही, ते गाव लशीच्या यादीत येत नाही आणि नळाच्या यादीतही मागे पडते. तेव्हा गावात किंवा वस्तीत दोन-चार घरांत एकदम जुलाब सुरू झाले, तर जलसंजीवनी पाजायला घ्या, रुग्णाला दवाखान्यात न्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात एवढे जरूर विचारा: शौचाचा नमुना पटकीसाठी तपासायला पाठवला का आणि अहवाल कधी मिळणार?